बारा बलुतेदारांत आमचे आप्पा

इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली आणि त्या इतिहासात मराठवाड्याच्या वाट्याला पान-दीड पान. तेवढं शिकवून झालं की पुन्हा दिल्ली, पुन्हा पुणे. म्हणून निवृत्त झाल्यावर ठरवलं, आपल्याच दोन जिल्ह्यांतली लहानसहान संग्रहालयं एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. नांदेडहून निघायचं, कंधार, मुखेड, देगलूर करत उदगीरला जायचं आणि लातूरला मुक्काम. भाऊ आनंदराजने बँकेतून रजा काढली, गाडी त्याचीच. आमची आई, सुमनबाई, म्हणाली, "मी काय घरी भिंती बघत बसू? मीबी येते." पंच्याऐंशीच्या घरातली बाई, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, पण गाडीत बसायचं म्हटलं की तिचे गुडघे दुखत नाहीत.

पहिल्याच ठिकाणी माझं टाळकं सरकलं. मुक्तिसंग्रामाचं दालन होतं, गावाचं नाव कशाला सांगू. दाराला कुलूप. बाहेर बाकावर एक शिपाई शेंगा फोडत बसलेला. चावी साहेबांकडे आणि साहेब लग्नाला. खिडकीच्या फुटक्या काचेतून डोकावले, तर भिंतींना चुना मारताना स्वातंत्र्यसैनिकांच्या तसबिरी भिंतीकडे तोंड करून ठेवलेल्या, आणि चुना वाळून केव्हाच कोळ्यांनी जाळी धरलेली. वर्गात शिक्षा झालेल्या पोरांसारखे सगळे ओळीने पाठमोरे उभे.

"हे उघडतं कधी?" मी विचारलं.

"सतरा सप्टेंबरला."

"म्हणजे वर्षातून एकदा?"

"हाव. झेंड्याला," तो म्हणाला आणि शेंगा पुढे केल्या.

दुसऱ्या ठिकाणी कुलूप नव्हतं, कारण दारच नव्हतं. किल्ल्याच्या पायथ्याला पत्र्याच्या शेडमध्ये वीरगळ मांडलेले. त्यातल्या एका वीराला कुणीतरी शेंदूर फासलेला, पुढे नारळाच्या करवंट्या. शेजारी डोळे मिटून बसलेली तीर्थंकराची मूर्ती, तिच्या पाटीवर 'साधू महाराज'. मी पाटीचा फोटो काढायला गेले, तर रखवालदार धावत आला.

"फोटोला बंदी हाय, मॅडम."

"आणि शेंदूर लावायला?"

"ते श्रद्धेचं हाय."

गाडीत बसल्यावर मी तोंडाचा पट्टा सोडला. आपल्या माणसांना आपल्याच गोष्टींची किंमत नाही, वगैरे. आनंदराज हसत म्हणाला, "ताई, तास संपला. घंटा झाली." आई मागच्या सीटवर केळं सोलत होती. तिने मला अर्धं केळं दिलं, म्हणजे गप्प बस.

देगलूर ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला ती पाटी दिसली. 'बारा बलुतेदार ग्रामसंस्कृती संग्रहालय. हुरडा, बैलगाडी, सेल्फी पॉइंट.' आणि खाली बाण. तो बाण आमच्या गावाकडे वळत होता.

आमचं गाव म्हणजे आप्पांचं, माझ्या वडिलांचं. गावाचं नावही लिहीत नाही, तिथे आमची अजून चार घरं आहेत. आप्पांचं नाव बसवंत सोनकांबळे. सहा वर्षांपूर्वी गेले. आमच्या घरांवर येसकरकीची पाळी असायची. काठी घेऊन वेशीत उभं राहायचं, पाटलांचे निरोप पोचवायचे, मेलेलं जनावर ओढून न्यायचं आणि दिवस मावळला की दारोदार भाकरी मागायची. आप्पांवर पाळी आली तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटत होतं. एका सकाळी त्यांनी ती काठी चावडीच्या भिंतीला टेकवली आणि देगलूरची वाट धरली. त्यांच्याऐवजी त्यांच्या बापाला चावडीपुढे उन्हात उभं केलं गेलं. आप्पा पुढे नांदेडला बोर्डिंगात राहून शिकले, धम्मदीक्षेनंतर वर्षभरातच आईशी लग्न झालं, मास्तर झाले, भोकर-उमरीकडच्या शाळांत नोकरी करून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले.

त्यांनी जन्मात पुन्हा डोक्याला काही बांधलं नाही. वैशाखाच्या उन्हातसुद्धा टोपी नाही की रुमाल नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायांत बूट. गावात कुणाचं लग्न असलं की जायचे, पाटलांच्या दारावरून बूट वाजवत जायचे आणि मुक्कामाला न थांबता शेवटच्या एसटीने परत यायचे.

"जायचं का?" आनंदराजने विचारलं.

मी नको म्हणत होते. आई म्हणाली, "चल की. पाटलाच्या पोरानं काय मांडलंय बघू तरी."

पाटलांचं पोर म्हणजे व्यंकटराव. पोर कसलं, साठी उलटलेली. वेशीबाहेरच्या त्यांच्या शेतात हे सगळं उभं राहिलेलं. रविवार होता, हुरड्याचे दिवस होते, नांदेड-लातूरच्या गाड्या लागलेल्या. एका लांबलचक शेडमध्ये जुनं गाव वसवलेलं होतं. फायबरचे माणसाएवढे पुतळे, मागे चितारलेली भिंत, पुढे दोरी. प्रत्येकापुढे लाल बटण, दाबलं की पुतळा आपली माहिती सांगायचा. सुरुवातीला उंच जोत्यावर लोडाला टेकून पाटील बसलेले, व्यंकटरावांचे आजोबा, हुबेहूब. मग सुतार, लोहार, कुंभार, परीट. कुंभाराचं चाक परातीएवढं बघून मी आनंदराजला कोपराने ढोसलं. न्हाव्याच्या पुतळ्यापुढे एक बाई लेकरांना उभं करून फोटो काढत होती.

"आमचे मामंजी हायेत," ती मला कौतुकाने म्हणाली. तिचं नाव तुळजाबाई. "व्यंकटरावांनी गावातून सगळ्यांचे जुने फोटो नेले. ज्याच्या त्याच्या समाजातला मोठा माणूस बघून चेहरे बनवून घेतले. लई सेम टू सेम आलेत, न्हाई का?"

मी हो म्हटलं. खरंच चांगले आले होते. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आनंदराज पुढे जाऊन थांबलाय आणि वळत नाहीये.

ओळीच्या टोकाला, वेशीच्या कमानीबाहेर, एक माणूस कमरेत वाकून उभा होता. अंगावर घोंगडं, गुडघ्याच्या वर धोतर, पाय उघडे, हातात घुंगरांची काठी, डोक्याला मळकं मुंडासं. त्या मुंडाशाखाली आमच्या आप्पांचा चेहरा होता. हनुवटीवरची खोक, डाव्या भुवईतली फट, सगळं होतं. आप्पा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या फ्लेक्सवर लावलेला तोच फोटो. फोटोत ते कॅमेऱ्याकडे सरळ बघत होते. इथे त्यांना खाली बघायला लावलं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तिची मला त्या दिवशी ओळख झाली. आई मागून सावकाश आली. तिने पदराने चष्मा पुसला, परत घातला.

"गुरुजी हायेत," ती म्हणाली.

आमच्या मागून एक कुटुंब आलं. त्यातल्या मुलीने हात लांब करून बटण दाबलं. आप्पांच्या पोटातून कुण्या नाटकवाल्याचा घोगरा आवाज आला. "जोहार, मायबाप. मी गावचा येसकर. गावाची सेवा हाच माझा आनंद." मुलगी हसली, परत दाबायला गेली. आनंदराजने तिचा हात धरला नाही, नुसता बटणापुढे जाऊन उभा राहिला. मुलीच्या बापाने त्याच्याकडे रागाने पाहिलं.

"आनंद," मी म्हणाले, पण भावाला नव्हे. हा शब्द कुठल्या तोंडाने त्यांनी तिथे घातला असेल, हे मला त्या शेडमध्ये कुणीतरी सांगायला हवं होतं.

व्यंकटराव स्वतःच आले. पांढरा कुर्ता, जाकीट, पायांत पळायचे बूट. आम्हाला ओळखून त्यांचा चेहरा फुलला. "जय भीम, ताई. जय भीम, साहेब. अरे, सुमनबाईबी आल्या. या, या. चहा सांगतो. फोन करून यायचं ना." आणि पुतळ्याकडे बोट करून, "कसा जमलाय? गुरुजीच वाटून राहिले ना?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं करायला?" मी विचारलं.

त्यांना वाटलं मी पुतळा कुणी बनवला ते विचारतेय. "लातूरचा कारागीर आहे. लई गुणी."

"मी ते विचारत नाही. आमच्या वडिलांना येसकर करायला कुणी सांगितलं?"

ते गोंधळले. खरोखर गोंधळले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मुद्दाम केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. "ताई, मी प्रत्येक समाजातला सगळ्यात मोठा माणूस घेतला. तुमच्या समाजात गुरुजींपेक्षा मोठं कोण हाय गावात? मी म्हटलं, येसकराला चेहरा द्यायचा तर गुरुजींचाच. हा मान हाय. फोटो धम्मानंदनं दिला, तुमच्याच चुलतभावानं."

"त्याला काय सांगून घेतलात?"

"गावातल्या थोर माणसांसाठी पाहिजे म्हणून. खोटं सांगितलं का मी?"

तुळजाबाई जवळ आली होती. "त्यात काय एवढं, ताई," ती म्हणाली. "आमचे मामंजी न्हावी होते, न्हावी दाखवले. आम्हाला तर बरं वाटतं."

"तुमचे मामंजी न्हावी होते, बाई," मी म्हणाले. "आमचे आप्पा येसकर नव्हते. त्यांनी ही काठी टाकली. मास्तर झाले. याच गावातली किती पोरं नांदेडला आमच्या घरी राहून शिकली, तेव्हा या पाटलांना नाही दिसलं कोण मोठं ते?"

व्यंकटरावांनी हात जोडले. मग ते एकेक तोडगा काढायला लागले, जमिनीच्या वादात काढतात तसे. पुतळ्याखाली गुरुजींचं नाव सन्मानाने लिहू. मी म्हटलं, म्हणजे चेहरा घेतलात, आता उरलं नाव तेही घ्या. मग अंगावर कोट चढवू. "कोट घालून जोहार घालणार?" आनंदराज म्हणाला, आणि दिवसभरात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. मग ते म्हणाले, काढून टाकावा तर बाराचे अकरा होतील, शाळांच्या सहली येतात, पोरांना अपुरा इतिहास दाखवायचा का?

मला, सगळी हयात इतिहास शिकवलेल्या बाईला, हा माणूस अपुऱ्या इतिहासाची काळजी सांगत होता. मी म्हणाले, "पुरा दाखवायचाय ना? मग तुमच्या आजोबांनी आमच्या आजोबांना चावडीपुढे उन्हात उभं केलं होतं, तो पुतळा कुठाय? त्याचं बटण दाखवा मला."

व्यंकटराव खाली बघायला लागले. "जुन्या गोष्टी, ताई. कशाला उकरायच्या."

"संग्रहालय काढलंय तुम्ही. दुसरं काय असतं त्यात?"

आई पुढे आली. तिने आनंदराजला खुर्ची आणायला सांगितली. दोरी उचलून ती आत गेली आणि पुतळ्याच्या बाजूला खुर्ची मांडून बसली. व्यंकटराव म्हणाले, "सुमनबाई, ऑफिसात बसा की, पंखा हाय." ती म्हणाली, "हितंच बरं हाय."

नंतर जे लोक येत गेले, त्यांना बटण दाबायची गरजच पडली नाही. आई त्यांना हात करून बोलवायची. "या, इकडं या. हे माझे मालक. बसवंत गुरुजी. भोकरला हेडमास्तर होते. ही काठी ह्यांनी पोरवयात टाकली, म्हणून आमच्या सासऱ्याला उन्हात ताटकळवलं. आता मेल्यावर ह्यांना परत धरायला दिली. डोक्याला बांधलंय बघा, कधी बांधत नव्हते. पायांतले बूटबी काढून घेतले." आवाज चढवून नाही, पाहुण्यांना घर दाखवावं तसं. लोक थबकायचे. कुणी चप्पल काढून तिच्या पाया पडायचं, कुणाला हसू यायचं आणि मग ते विरून जायचं. एक जण म्हणाला, "आजी, एवढं मनाला नका लावू, फायबरचा हाय." आई त्याला म्हणाली, "तुझ्या बापाचा बनवून द्या म्हणते मी पाटलांना. देतो का फोटो?" तो बायकोला घेऊन हुरड्याकडे निघून गेला.

गर्दी वाढली. पाटलांच्या जोत्यापुढे कुणी नव्हतं, सगळे वेशीपाशी. मग फोन वर व्हायला लागले. कुणी लाईव्ह करतोय म्हणाला. व्यंकटरावांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आमचं म्हणणं त्यांना पटलं, असं मी म्हणणार नाही. उद्या ही म्हातारी जिल्हाभर फोनांमधून फिरेल, हे मात्र पटलं. ते आईजवळ जाऊन उकिडवे बसले.

"काय करू सांगा, सुमनबाई. तुम्ही म्हणाल तसं."

"गुरुजींचं तोंड काढा."

"काढतो. पण मग इथं चेहरा तर कुणाचातरी लागंलच ना?"

"तुमचा लावा," आई म्हणाली.

ते हसले. इकडेतिकडे पाहिलं, कुणीच हसत नव्हतं, मग तेही थांबले. "आमच्या आजोबांचा तर लावलाच हाय की तिकडं."

"ते तिकडं बसलेत. हितं उभं राहायला माणूस पायजे म्हणून राहिले ना तुम्ही?"

ते उठले आणि शेडचं काम करणाऱ्या वेल्डरला हाक मारली. तो कटर घेऊन आला. कुठून कापू म्हणून त्याने व्यंकटरावांकडे पाहिलं, व्यंकटरावांनी आईकडे. आईने स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून दाखवलं. कटर सुरू झालं तसा फायबरचा जळका वास सुटला आणि पांढरा भुगा घोंगड्यावर पडायला लागला. आनंदराजने तोंड फिरवलं. मला आप्पा गेले त्या दिवशी रडू आलं नव्हतं एवढं तिथे आलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

डोकं सुटलं तेव्हा आईने पदर पसरला. आतून पोकळ, आपल्याला वाटतं त्याहून हलकं. मुंडासं डोक्याबरोबरच ओतलेलं होतं, ते काही निघेना. "घरी घासून काढू," ती म्हणाली. मागे वेशीत काठी धरून वाकलेलं धड तसंच राहिलं.

आम्ही गाडीत बसलो. आई मागे, मांडीवर आप्पांचं डोकं, वरून पदर झाकलेला. मला वाटलं, झालं. वडिलांना सोडवलं. उदगीर आता होणार नव्हतं, पण अंधार पडायच्या आत लातूर गाठता आलं असतं. व्यंकटराव गाडीपर्यंत आले, खिडकीशी वाकले. त्यांच्या आवाजात मोकळेपणा आला होता.

"राग मनात ठेवू नका, सुमनबाई. माणूस चुकतो. मी आता धम्मानंदला सांगतो, त्याच्या वडलांचा फोटो दे म्हणून. सोपान लई साधा माणूस होता, शेवटपर्यंत आमच्या शेतावर राबला. त्याची काही तक्रार नसणार. पुढच्या रविवारपर्यंत दुसरं डोकं बसवून टाकतो."

आनंदराजने गाडी सुरू केली होती.

"बंद कर," आई म्हणाली.

तिने दार उघडलं, डोकं माझ्या हातात दिलं आणि सीटला धरून धरून खाली उतरली. मी म्हणाले, "आई, आप्पांचं काढलं ना त्यांनी."

"गुरुजींचं काढलं. आता सोपानचं बसवून राहिले. त्यानं काय पाप केलतं?" ती शेडकडे चालायला लागली होती. "तो मेला राबून राबून, त्यानं तर टाकलीबी न्हाई काठी. त्याला मेल्यावर तरी बसू द्या म्हणावं."

व्यंकटराव तिच्या मागे, "सुमनबाई, ऐका, सुमनबाई," करत. तिने वळून पाहिलं नाही. तिची खुर्ची अजून तिथेच, त्या बिनडोक्याच्या धडाच्या बाजूला होती. ती बसली, पदर सारखा केला आणि दोरीपलीकडच्या माणसांना हात केला. "या," ती म्हणाली. "आता सोपानचं सांगते."

मी आप्पांचं डोकं सीटवर ठेवलं, गाडीचं दार लावलं आणि जाऊन तिच्याजवळ खाली जमिनीवर बसले. आनंदराजने लातूरच्या लॉजला फोन लावला आणि आज येणं जमत नाही म्हणून सांगितलं.